‘साफ’ म्हटल्याशिवाय

काकासाब नव्या फरशीवर पाऊल टाकण्याआधी चपला काढायचे. देवळाबाहेर काढतात तशा, जोडीने, भिंतीला टेकवून. बघणाऱ्याला वाटायचं, म्हातारा फार भाविक आहे. एका ठेकेदाराने तर हात जोडून विचारलं होतं, "काकासाब, यहाँ कौन-से भगवान बिराजे हैं?"

"अभी तो कोई नहीं. भरोसा हो जाए तो बिठाएँगे," काकासाब म्हणाले आणि चालू लागले.

ते चालणंही बघण्यासारखं असायचं. हात पाठीमागे बांधलेले, डोळे मिटलेले, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. मध्येच थांबायचे, टाच दोनदा घासायचे आणि म्हणायचे, "इथे उचललंय." आम्ही लांब पट्टी आडवी धरून बघायचो. पट्टीखाली नखाएवढी फट सापडायचीच.

काकासाब उज्जैनच्या माधव नगरात राहायचे. आधी सरकारी बांधकाम खात्यात होते म्हणे. न चालून पाहिलेल्या फरशीच्या कागदावर सही करायला सांगितलं म्हणून नोकरी सोडून आले, असं लोक बोलायचे. खरं-खोटं त्यांना कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर ते म्हणाले असते, "आपण चौकशी केलीत, उपकार झाले." काकासाब रागावले की आवाज चढवायचे नाहीत, मान चढवायचे. रोज आम्हा मजूर बायांनाही 'तुम्ही' म्हणायचे, आणि चूक झाली की 'आपण' सुरू व्हायचं. 'आपण' ऐकलं की हातातली सोलायची पत्ती गळून पडायची.

आमचं काम सांगायला सोपं आहे. काँक्रीट वाळताना आकसतं, आणि आकसताना कुठेतरी फाटणारच. वाकडंतिकडं फाटू नये म्हणून फरशी ओतल्यावर दुसऱ्याच दिवशी मशीनने तिच्यात सरळ रेषेत खाचा पाडतात, दोन पेरं खोल. मग जे फाटायचं ते खाचेच्या तळाशी, सरळ रेषेत फाटतं. पुढे महिना-दोन महिने फरशीला मनासारखं आकसू द्यायचं, आणि नंतर त्या खाचा भरायच्या. आम्ही फक्त भरायचो.

ते दिवस असे होते की देवास रोडला रोज नवं काहीतरी उभं राहत होतं. कापडाच्या मिला बंद पडत होत्या आणि गोदामं, पॅकिंगचे हॉल, शोरूम उघडत होती. माझे मालक, म्हणजे घरधनी, कामाला होते ती मिलही बंद पडली. ते ओट्यावर बसून राहायचे आणि भोंग्याच्या वेळेला आपोआप उठायचे. आम्ही भैरवगढला राहायचो. मी तिथे छपाईचं कापड सिप्रा नदीवर धुवायला आणि वाळवायला जायची. शेजारच्या धापूबाई काकासाबांकडे कामाला होत्या. त्या म्हणाल्या, "चाल म्हारे साथ. बैठी-बैठी को काम है, झाड़ू-बुहारी जैसो." मी गेले.

झाडू-बुहारी नव्हती ती. गुडघे टेकून खाचेतली धूळ तारेच्या ब्रशने उकरायची, ब्लोअरने उडवायची, परत उकरायची. तळाच्या चिरेत थोडी वाळू घालायची, म्हणजे वरून ओतलेला भरणीचा मसाला खाली पळून जात नाही. ही वाळू काकासाबांना भाजलेली, अगदी कोरडी लागायची. चणे भाजतात तशी, लोखंडी कढईत, झाऱ्याने हलवत. भाजायचं काम माझ्याकडे आलं. रस्त्यावरून जाणारी माणसं वास न येणारी कढई बघून थांबायची.

"बाई, चने कब तक होंगे?"

"आपके दाँत पक्के हों तो अभी ले जाएँ," काकासाब आतून सांगायचे.

मसाला दोन डब्यांत यायचा, मुंबईहून. वेगवेगळे ठेवले तर वर्षभर पडून राहतील, एकत्र केले की पाव तासात दगड. काकासाब एका डब्याला नवरदेव म्हणायचे, दुसऱ्याला नवरी. दोन्ही एका भांड्यात ओतून लाकडी दांड्याने ढवळताना ते बेसूर आवाजात मंगलाष्टक म्हणायचे, आणि शब्द मनचे घालायचे. त्यात सिमेंट यायचं, घमेलं यायचं, उशिरा आलेली धापूबाई यायची. शेवटी "सावधान!" झालं की सगळे आपापल्या जागी. लग्न लागल्यावर थांबता येत नाही, एवढं सगळ्यांना पाठ होतं. वाळल्यावर हा मसाला टाचेच्या कातड्यासारखा व्हायचा. पूर्ण कडकही नाही, मऊही नाही. खाच उतू जाईपर्यंत भरायची आणि दुसऱ्या दिवशी धारदार पत्तीने वरचा भाग सोलून काढायचा. हात फिरवला तर खाच कुठे होती ते बोटांना कळायला नको.

पण ओतण्याआधी एक नियम होता. प्रत्येक बाईच्या वाट्याला खाचेचा एक तुकडा असायचा. तो तिने साफ करायचा, स्वतः तपासायचा आणि मान वर करून हॉलभर ऐकू जाईल असं ओरडायचं, "साफ!" सगळ्या तुकड्यांवरून ‘साफ’ आलं की काकासाब ओतायला वाकायचे. एकाही तुकड्याची हाक बाकी असली तर नाही. ढवळेपर्यंतही धूळ बसते, म्हणून ही हाक ढवळून झाल्यावरच. ‘साफ’ म्हणणारीचं नाव खाचेच्या नंबरासमोर खडूने भिंतीवर लिहायचं. बायांमध्ये चौथीपर्यंत शिकलेली मी एकटी, म्हणून खडू माझ्याकडे.

लिहायला मला काही वाटत नव्हतं. ओरडणं मात्र जमत नव्हतं. माझा आवाज लहानपणापासून आतच राहिलेला. आमचे मालक म्हणायचे, हिचं बोलणं ऐकायचं तर शेजारी बसावं लागतं. सासरी दारात उभ्या पाहुण्याला ‘या’ म्हणायला मी आतून कुणालातरी बोलवायची.

पहिल्या दिवशी नानाखेड्याजवळच्या एका शोरूमचं काम होतं. नवरा-नवरीचं लग्न लागलं, चार बायांनी ‘साफ’ म्हटलं, आणि माझी पाळी आली. मी म्हटलं. मला स्वतःला ऐकू आलं होतं.

काकासाब भांडं घेऊन उभे. "कुणाचं राहिलं?"

मी परत म्हटलं.

"ऐकू आलं नाही."

"अरे काकासाब, साफ है, हूँ देखी री हूँ," धापूबाई म्हणाल्या.

"धापूबाई, तुकडा आपला आहे का?" काकासाबांनी विचारलं. ‘आपला’ ऐकताच धापूबाई माझ्याकडे वळल्या. मग मला हलक्या आवाजात म्हणाल्या, "अरी बोल नी, मूँडा में दही जमायो है कंई?"

माझ्या तोंडात खरंच काहीतरी जमलं होतं. सगळे माझ्याकडे बघत होते. काकासाबांच्या हातातलं भांडं तापायला लागलं. मसाला जमताना तापतो. त्यांनी खांद्यावरच्या फडक्याने भांडं धरलं. मग त्यातून बारीक धूर निघाला, मग दांडा हलायचा थांबला. त्यांनी भांडं खाली ठेवलं. दांडा त्यात सरळ उभा होता, झेंडा रोवावा तसा.

मला वाटलं आता ‘आपण’ येणार. पण ते नुसतं म्हणाले, "उद्या परत."

दुसऱ्या दिवशी परत तसंच झालं. दोन दिवसांत मुंबईहून आलेली दोन लग्नं मोडली. ते दोन्ही दगड त्यांनी फेकले नाहीत, दार उघडं राहावं म्हणून दाराला टेकण लावायला ठेवले. येता-जाता मला ते दोन उभे दांडे दिसायचे. तिसऱ्या दिवशी मी डोळे घट्ट मिटले, पोटाशी दोन्ही मुठी धरल्या आणि ओरडले. किती मोठ्यांदा ते ठाऊक नाही. छपराच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली एवढं खरं. काकासाब वाकले आणि ओतायला लागले.

त्यानंतर मी रोज ‘साफ’ म्हणायची. तेवढा एकच शब्द मला मोठ्यांदा येत होता. बाकी सगळे शब्द आधीसारखेच आत.

काकासाबांची दुसरी खोड म्हणजे चहाची. काम पुरं झालं की ते छोट्या लोखंडी चाकांची ट्रॉली मागवायचे. तिच्यावर काचेचा गिलास, गिलासात चहा, काठोकाठ. इतका की वर फुगवटा दिसला पाहिजे. मलई चमच्याने काढून टाकायचे. म्हणायचे, "मलई लबाड. थेंब धरून ठेवते." मग ती ट्रॉली सगळ्या खाचांवरून आडवी न्यायची. एक थेंब सांडला तरी ती खाच उकरून नव्याने भरायची. न सांडता परत आली तर काकासाब तो गार झालेला चहा उभ्याने, एका दमात पिऊन टाकायचे. आम्ही दुसरं कुठलंही बक्षीस त्यांना घेताना पाहिलं नाही.

या चहामुळेच नमकीनवाल्या सेठचं काम आम्हाला मिळालं. सेठचं जुनं गोदाम कुण्या बाहेरच्या कंपनीने भरलं होतं. खाचेत फोमची दोरी घालून वर मऊ काळा मसाला. दिसायला सुंदर, रेघ ओढल्यासारखा. पण लोखंडी चाक मऊ मसाल्यात रुततं आणि पुढच्या कडेवर आपटतं. सहा महिन्यांत कडा बिस्किटासारख्या कुरतडल्या गेल्या होत्या. सेठ म्हणाले, "काकासाब, इसमें खराबी क्या है, सब तो भरा हुआ है!"

काकासाबांनी चहा मागवला. भरलेला गिलास ट्रॉलीवर ठेवला आणि सेठला म्हणाले, "आप ही चलाइए." गोदामाच्या दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत गिलासात अर्धा चहा उरला होता आणि सेठच्या पांढऱ्या पायजम्यावर बाकीचा.

सेठनी पायजमा झटकला. मग म्हणाले, "नया हॉल आप करेंगे. वो ठीक निकला तो पीछे के दोनों भी आपके."

"एक साल में एक भी किनारा टूटा," काकासाब म्हणाले, "तो उज्जैन में मैं खाँचा भरना छोड़ दूँगा."

धापूबाईंनी कपाळावर हात मारला. त्या शब्दात फक्त काकासाब नव्हते. आम्ही सात घरं होतो, आणि माझ्या घरात तर दुसरी कमाई नव्हती. पण काकासाबांचा शब्द गेला होता.

नवा हॉल मोठा होता, बारा खाचांचा. पॅकिंगचं मशीन परदेशातून येणार होतं. तशी मशीनं आता कुणालाही आणता येऊ लागली होती, आणि सेठ येईल त्याला त्याचं रंगीत चित्र दाखवायचे. सेठला घाई. काकासाब दर आठवड्याला पट्टीने खाचेची रुंदी मोजणार आणि मी ती खडूने भिंतीवर लिहिणार. आकडा वाढत होता तोवर त्यांनी डबे उघडले नाहीत. इंदूरहून आलेला सेठचा नवा इंजिनियर रोज विचारायचा, "और कितना?"

"अभी फेरे नहीं हुए, साहब," काकासाब म्हणायचे, "और आप जच्चा के लड्डू बाँध रहे हैं." बाळंतिणीचे लाडू, लग्नाआधीच.

शेवटी आकडा थांबला. पंडितजींनी मशीन आत घेण्याचा मुहूर्त काढून दिला. आदल्या दोन दिवसांचा हिशेब असा होता की पहिल्या दिवशी भरायचं, दुसऱ्या दिवशी सोलायचं, तिसऱ्या दिवशी सकाळी मशीन. आम्ही भरायच्या आदल्या दिवशीच सगळ्या खाचा साफ करून, माझी भाजलेली वाळू घालून, संध्याकाळी घरी गेलो.

सकाळी आलो तर हॉल चकाकत होता. वैशाखातलं ऊन शटरमधून आत आलेलं. फरशी कोरडी ठणठणीत. काकासाब अनवाणी एक चक्कर मारून आले, म्हणाले, "छान." सेठ, इंजिनियर आणि सेठच्या आई, ज्यांना सगळे माँजी म्हणायचे, खुर्च्या टाकून बसले होते. ब्लोअर एकदा फिरवला. नवरदेव-नवरी भांड्यात पडली. काकासाबांनी त्या दिवशीच्या मंगलाष्टकात माँजींचं नाव घातलं, त्या तोंडावर पदर धरून हसल्या. "सावधान!"

"साफ!" धापूबाईंचा तुकडा.

"साफ!" पलीकडचा.

माझी तपासायची एक पद्धत होती. कापड वाळवायची तेव्हाची. ते वाळलंय का ते हाताला कळत नाही, हात कामाने निबर झालेले असतात. गालाला लावलं की कळतं. म्हणून मी करवतीच्या पात्याला कोऱ्या कापडाची पट्टी गुंडाळून खाचेतून ओढायची आणि गालाला लावायची. त्या दिवशी ओढली, लावली.

गार लागली.

मी परत ओढली. डोळ्यांना ओल दिसत नव्हती. पण कापडाच्या टोकाला वाळूचे चार कण चिकटले होते. भाजलेली वाळू कापडाला चिकटत नाही. ती मी स्वतः भाजली होती, मला ती ओळखू येत होती. ओल्या खाचेत मसाला धरत नाही. वरून छान दिसतो आणि चाकाखाली एक दिवस कडेपासून सुटतो.

"साफ!" तिसरा तुकडा. "साफ!" चौथा. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

काकासाब भांडं घेऊन उभे होते. ढवळून झालं होतं, दांडा अजून हलत होता. माझ्या डोळ्यांसमोर मशीनचा मुहूर्त आला, सेठ आले, ओट्यावर बसलेले मालक आले. काकासाब स्वतः चालून ‘छान’ म्हणून गेले होते. मी कोण?

"नाही," मी म्हणाले. कुणाला ऐकू गेलं नाही.

"काय म्हणालात आपण?" काकासाबांनी विचारलं.

‘आपण’. 

"साफ नाही."

"अरे, डालो, डालो!" इंजिनियर उठला. "जम रहा है वो! सब तो सूखा पड़ा है!"

"ऐकू आलं नाही," काकासाब म्हणाले. माझ्याकडे बघत. इंजिनियरकडे नाही.

भांड्याला फडकं लावायची वेळ आली होती. मी उभी राहिले. हातातली पट्टी वर धरली, आणि डोळे न मिटता ओरडले, "साफ नाही! ओल आहे!"

हॉल रिकामा होता. माझा आवाज चारही भिंतींना लागून परत आला, आणि तो माझाच होता.

काकासाबांनी भांडं खाली ठेवलं. दांडा उभा राहिला. तिसरं लग्न मोडलं.

"ये क्या तमाशा है?" इंजिनियर म्हणाला. "गाल से नमी नापते हैं आप लोग? मीटर का ज़माना है!"

"मीटर लाइए," काकासाब म्हणाले. इंजिनियरकडे मीटर नव्हता. "तो फिर चाय का गिलास लाइए. खाली."

त्यांनी तो काचेचा गिलास माझ्या तुकड्यावर, शटरमधून पडलेल्या उन्हात पालथा घातला. गिलासाच्या काठाभोवती आणि त्याच्या दोन्ही बाजूंना खाचेत पुट्टी दाबली, म्हणजे हवा आतबाहेर जायला नको. मग स्वतः शेजारी मांडी घालून बसले. सेठ बसले. इंजिनियर उभा, घड्याळाकडे बघत. धापूबाई माझा हात धरून होत्या. इतका घट्ट की बांगडी रुतली.

अर्धा तास झाला असेल. गिलासाच्या काचेवर आतून धुकं धरलं. मग धुक्याचे बारीक मणी झाले, आणि त्यातला एक काचेवरून ओघळून खाली आला.

 इंजिनियरने खाली वाकून पाहिलं, बोटाने काच बाहेरून पुसून पाहिली. मणी आतच होते.

"पर पानी आया कहाँ से?" सेठ म्हणाले.

तेव्हा खुर्चीवरून माँजी हळूच म्हणाल्या, "कल शाम को मैंने धुलवाया था. नया हॉल, लछमी आने वाली है, तो सिप्राजी का जल… ग्यारह मटके. ज़्यादा तो नहीं ना?"

सेठने डोळे मिटले.

"म्हारी तो आँखाँ फूटी थी," धापूबाई म्हणाल्या, "हूँ बिना हाथ लगाया साफ बोली गी!" आणि स्वतःच्याच गालावर चापटी मारली.

"मी तर पाय लावून छान म्हटलं," काकासाब म्हणाले. "माझे पाय वर चालतात. ओल खाली होती." मग सेठकडे वळले. "दो दिन चाहिए. रेत निकालेंगे, सुखाएँगे, नई रेत डालेंगे. मुहूरत में नहीं होगा. आप किसी और को बुलाना चाहें तो अभी बोल दीजिए."

इंजिनियर काहीतरी बोलणार होता, पण माँजी आधी बोलल्या. "मुहूरत मशीन का है कि फर्श का? मशीन ट्रक पर आएगी ना? ट्रक पर ही नारियल फोड़ो. अंदर जब ये बाई साफ बोले, तब लाना." आणि मला जवळ बोलावून म्हणाल्या, "बेटा, इत्ती ज़ोर से तो मेरी बहू भी नहीं बोलती."

दोन दिवस आम्ही ओली वाळू उकरली. शेगड्या पेटवल्या, ब्लोअर लावले. नवी वाळू भाजायला माँजी स्वतः कढईपाशी बसल्या. नमकीनवाल्याच्या घरच्या, झाऱ्यावर हात असा की एकही कण उडाला नाही. मधेच मला विचारलं, "थोड़ा नमक डाल दूँ?" मी हसले. मशीन बाहेर ट्रकवर कुंकू लावून उभं होतं, गळ्यात झेंडूची माळ, आमची वाट बघत.

मग मी बारा खाचांवर माझे बारा तुकडे गालाला लावून पाहिले आणि बारा वेळा ‘साफ’ म्हणाले. शेवटच्या चार वेळा मला मुठी वळाव्या लागल्या नाहीत.

सोलून झालं त्या दिवशी सगळे जमले. ट्रॉली आली. चहा आला. काकासाबांनी मलई काढली, किटलीतून वरून एक-एक थेंब घालत गिलास फुगवटा येईपर्यंत भरला. सेठ पुढे झाले, नवा पायजमा घालून. काकासाबांनी त्यांना हाताने थांबवलं आणि मला म्हणाले, "तुम्ही न्या."

मी पदर खोचला. पहिली खाच. चाकं गेली, आवाज आला नाही. दुसरी. तिसरी. इंजिनियर माझ्या बाजूने वाकून चालत होता, डोळे गिलासाच्या काठावर. सहावीला धापूबाई मागून काहीतरी पुटपुटायला लागल्या, बहुतेक सगळ्या देवांची नावं. नववी. दहावी. पहिली खाच, जिथे गिलास पालथा घातला होता, ती परत येताना सगळ्यांत शेवटी लागणार होती. बारावी ओलांडून मी वळले. चहा तसाच, काठावर फुगलेला, त्यात छपरातल्या काचेचा चौकोन दिसत होता. एकएक खाच मागे गेली. शेवटच्या खाचेवर मी चालणं हळू केलं नाही. मुद्दाम.

गिलास काकासाबांसमोर येऊन थांबला. ट्रॉलीच्या पत्र्यावर एक थेंब नव्हता. इंजिनियरने बोट फिरवून पाहिलं आणि बोट आम्हाला दाखवलं, कोरडं. "गाल वाला तरीका," तो म्हणाला, "मुझे भी सिखा दीजिए." सेठने टाळ्या वाजवायला सुरुवात केली, मग माँजींनी, मग ट्रकच्या ड्रायव्हरनेही. मागचे दोन हॉल आमचे होते हे कुणी मोठ्याने बोललं नाही, बोलायची गरज नव्हती.

काकासाबांनी गिलास उचलला. आता एका दमात पितील म्हणून आम्ही बघत होतो. त्यांनी तो माझ्यापुढे धरला.

परक्या माणसांसमोर मी तोवर पाणीसुद्धा प्यायले नव्हते. हॉलच्या मधोमध, सगळ्यांच्या नजरेसमोर, मी तो गिलास घेतला. तोंडाशी नेईपर्यंत माझा हात हलला आणि दोन थेंब नव्याकोऱ्या फरशीवर पडले.

काकासाबांनी थेंबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"फरशी पास," ते म्हणाले. "हात नापास तुझा."

‘तुझा’ म्हणाले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. चहा थंडगार होता आणि फार गोड. मी तो उभ्याने, एका दमात प्यायले आणि मोठ्यांदा हसले. हसणं पलीकडच्या भिंतीपर्यंत गेलं आणि परत आलं.